हिशेब येतो, मग गणित का येत नाही?

भिवंडीच्या शांतीनगरात एक आजी भाजीची गाडी लावतात. संध्याकाळी शाळा सुटली की त्यांचा नातू दप्तर गाडीखाली टाकतो आणि तराजू हातात घेतो. पोरगा सातवीत आहे. गेल्या पावसाळ्यात कामावरून परतताना आम्ही त्या गाडीवर थांबलो. दीड किलो कांदे आणि पाव किलो मिरची घेतली. कांदा तीस रुपये किलो, मिरची ऐंशी. पिशवी भरता भरता पोराने सांगितले, “पासष्ट झाले, काका.” आम्ही दोनशेची नोट दिली. त्याने एकशे पस्तीस परत केले. कागद नाही, पेन्सिल नाही, मोबाईल नाही. आजींनी ते पैसे मोजूनही पाहिले नाहीत, इतका त्यांचा नातवावर भरवसा.

हाच मुलगा आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत येतो. दोन दिवसांनी त्याने घटक चाचणीचा पेपर दाखवला. गणितात वीसपैकी चार. आम्ही फळ्यावर ३/२ × ३० असे लिहिले आणि उत्तर विचारले. तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला, मग त्याने मान खाली घातली.

आम्ही विचारले, “अरे, परवा दीड किलो कांद्याचे किती झाले होते?”

“पंचेचाळीस.”

“मग हे फळ्यावर काय लिहिले आहे?”

त्याने दिलेले उत्तर आमच्या मनातून अजून जात नाही. तो म्हणाला, “काका, ते गाडीवरचं असतं. हे वहीतलं आहे.”

त्याचे वडील पॉवरलूमवर बारा तासांची पाळी करतात. त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. आम्हाला म्हणाले, “भाऊ, ह्याच्या डोक्यात गणित शिरत नाही. आठवी झाली की गोदामात लावून देतो. उगाच फी आणि क्लासचा खर्च कशाला?” म्हणजे वीसपैकी चार गुणांवर एका मुलाचे पुढचे आयुष्य ठरत होते. आणि तोच मुलगा रोज संध्याकाळी शे-दीडशे गिऱ्हाइकांचा हिशेब न चुकता करत होता! म्हणूनच हा विषय वाचक बंधू-भगिनींपुढे मांडावा असे आम्हाला वाटले.

आपलीच मुले अशी आहेत काय?

आपली मुले ‘ढ’ आहेत, हे ऐकायची आपल्या वस्तीला सवय झाली आहे. परंतु हा प्रश्न फक्त शांतीनगरचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राचे २०१९ चे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्या अभ्यासात होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणाऱ्या १,४३६ मुलांची त्यांनी पाहणी केली. जवळजवळ सर्व मुले बाजारातला अवघड हिशेब तोंडी बरोबर करत होती. पण तेवढेच, किंवा त्याहून सोपे गणित शाळेच्या पद्धतीने आकडे मांडून विचारले, की ती अडत होती.

त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. जवळच्या शाळांतली, बाजारात कधी माल न विकलेली ४७१ मुलेही तपासली गेली. वहीतली सोपी गणिते त्यांना जास्त चांगली आली. पण बाजारातला एक हिशेब, जो काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवला, तो या शाळकरी मुलांपैकी शंभरात एकालाच जमला. म्हणजे एकाला हिशेब येतो पण गणित येत नाही. दुसऱ्याला गणित येते पण हिशेब येत नाही. दोघांचेही शिक्षण अर्धेच झाले आहे.

चाळीस वर्षांपूर्वी ब्राझील देशातल्या रेसिफे शहरातही हेच दिसले होते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक बनून प्रश्न विचारले. शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर आली. मग तीच गणिते कागदावर मांडून दिली, तेव्हा निम्मीसुद्धा बरोबर आली नाहीत. पस्तीसचा एक असे दहा नारळ हवेत म्हटल्यावर त्यातला एक मुलगा तीन-तीन नारळांचे गठ्ठे करत गेला. तीनाचे एकशे पाच, सहाचे दोनशे दहा, नवाचे तीनशे पंधरा, वर एक, झाले तीनशे पन्नास. दहाने गुणताना पुढे शून्य द्यायचे, हे शाळेतले सूत्र त्याने वापरलेच नाही. पण उत्तर चुकले का? नाही.

आणि आपल्या अगदी शेजारी, धारावीत, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अभ्यासकांनी घरोघरच्या छोट्या उद्योगांत हातभार लावणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. नग, माप, मजुरी यांचे बरेच ज्ञान ती मुले घरातून घेऊन शाळेत येतात. पण वर्गात त्या ज्ञानाला कोणी हात लावत नाही, असे त्यांना आढळले.

यातून आम्ही जो अर्थ काढतो तो असा : आपल्या मुलांच्या डोक्यात गणित आधीच शिरलेले आहे. ते वहीत कसे उतरवायचे, एवढेच त्यांना कोणी दाखवलेले नाही.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. हिशेब शिकण्यासाठी मुलांना लूमवर किंवा गोदामात पाठवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. हिशेब शिकायला आपले घर आणि कोपऱ्यावरचे दुकान पुरेसे आहे.

शाळेत हुशार, पण पगाराच्या चिठ्ठीपुढे गप्प

आता दुसऱ्या प्रकारचे उदाहरण. आमच्या अभ्यासिकेत नववीची एक मुलगी आहे. गणितात नेहमी ऐंशीच्या वर गुण. तिच्या वडिलांची मजुरी मीटरवर आहे. दर पंधरवड्याला चिठ्ठी येई, वडील घडी घालून खिशात ठेवत. त्या घरात ती चिठ्ठी कोणी कधी तपासलीच नव्हती. आम्ही तिला म्हटले, “ताई, परीक्षेत एवढी गणिते सोडवतेस, हे एक सोडवून बघ.”

समजा ताका ११० मीटरचा आहे आणि मजुरी मीटरला २ रुपये २५ पैसे. एका ताक्याचे २४७ रुपये ५० पैसे होतात. चिठ्ठीवर ११० च्या जागी १०० मीटर पडले, तर एका ताक्यामागे साडेबावीस रुपये जातात. पंधरवड्यात वीस ताके निघाले तर ४५० रुपये. महिन्याला ९००, वर्षाला १०,८००. दहा मीटरचा हा फरक एका मुलीच्या वर्षाच्या शिक्षणाइतका आहे.

त्या मुलीने दोन रुपयांच्या जुन्या वहीत रकाने आखले. तारीख, ताका, मीटर, दर, रक्कम. वडील पाळीवरून आले की आकडे सांगत, ती लिहून घेई. पहिल्याच पंधरवड्यात तीन ताके चिठ्ठीवर कमी निघाले. वडील वही घेऊन मुकादमाकडे गेले. भांडण झाले नाही, आरडाओरडा झाला नाही. तारखेसह लिहिलेले पाहून मुकादमाने पुढच्या चिठ्ठीत तीनही ताके धरून दिले. चूक मुद्दाम होती की नजरचुकीने, ते आम्हाला ठाऊक नाही. लिहिलेले होते म्हणून ती सापडली, एवढे मात्र खरे.

‘वीस टक्के’ म्हणजे नक्की किती?

जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश, फी एकदम अंगावर येतात. मग वस्तीत रोजच्या वसुलीचे कर्ज घेतले जाते. दहा हजार हातात, रोज शंभर रुपये, एकशेवीस दिवस. एकूण परतफेड बारा हजार. देणारा सांगतो, “फक्त वीस टक्के, वहिनी.” आणि आपल्याला ते पटते, कारण शाळेत शिकलेल्या रीतीने दहा हजारांवर दोन हजार म्हणजे वीस टक्केच होतात.

आम्ही बी.कॉम. झालो, कारकुनीत आयुष्य आकड्यांत गेले, म्हणून हे गणित मुलांना फळ्यावर मांडून दाखवले. वीस टक्के वर्षाचे म्हणायचे, तर दहा हजार रुपये वर्षभर आपल्याकडे राहायला हवेत. येथे पहिल्याच दिवसापासून पैसे परत जाऊ लागतात. साठाव्या दिवशी निम्मे कर्ज फिटलेले असते. म्हणजे एकशेवीस दिवसांत सरासरीने पाच हजारच आपल्याकडे असतात. पाच हजारांवर चार महिन्यांत दोन हजार व्याज म्हणजे चाळीस टक्के झाले. वर्षात असे चार-चार महिने तीनदा येतात. चाळीस गुणिले तीन, वर्षाला एकशेवीस टक्के. जुन्या भाषेत सांगायचे तर दरमहा शेकडा दहा रुपये. आपले आजोबा-पणजोबा ज्या सावकारीत रुतले, ती यापेक्षा वेगळी नव्हती.

याउलट जूनचा खर्च दरवर्षी येणारच आहे, हे आपल्याला जुलैतच माहीत असते. तेव्हापासून रोज तीस रुपये बाजूला पडले तर ३३० दिवसांत ९,९०० रुपये होतात. सगळ्या घरांना हे जमणार नाही, आजारपण तर सांगून येत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. कर्ज घ्यावेच लागले तर बचत गटाचा दर आणि रोजच्या वसुलीचा दर शेजारी शेजारी मांडून पाहावा. बचत गटात शेकडा दोन रुपये महिना असेल, तर वर्षाचे चोवीस टक्के होतात. चोवीस आणि एकशेवीस! हा फरक घरातल्या आठवीच्या मुलाला काढता आला पाहिजे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याला सांगावे.

पावकी-दिडकी कुठे गेली?

आमच्या आधीच्या पिढीने शाळेत नुसते बे ते तीसपर्यंतचे पाढे नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा पाठ केली होती. औट म्हणजे साडेतीन. पाठांतर म्हणजे शिक्षण नव्हे, हे खरेच. पण हे अपूर्णांकांचे पाढे थेट बाजाराचे होते. सव्वा किलो, दीड मीटर, अडीच डझन म्हटले की उत्तर ओठांवर येई. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मापे दशमान झाली, आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. बाजारातून मात्र सव्वा, दीड, अडीच गेले नाहीत.

त्यात नवी अडचण आली आहे. आपली अनेक मुले आता इंग्रजी माध्यमात आहेत. मुलगा ‘सेव्हंटी नाइन’ लिहितो, पण दुकानदार ‘एकोणऐंशी’ म्हणाला की गोंधळतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस-बावीसच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची सोपी रीत आली, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला! त्या वादात आम्ही पडत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की मुलाला दोन्ही यावे. घरी भाजी निवडताना ‘एकोणसाठ म्हणजे किती, एकोणसत्तर म्हणजे किती’ असे विचारायला पैसा लागत नाही.

शिवाय पैसा आता डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. २०१६ नंतर मोबाईलवरून पैसे देण्याची पद्धत आली आणि आज गाडीवरही चौकोनी चित्र लावलेले असते. सुटे मोजणे, परत घेणे, खिसा हलका होताना पाहणे, हे सगळे मुलांच्या नजरेआड गेले. म्हणून निदान आठवड्याचा बाजार मुलाला घेऊन, नोटा-नाणी हातात देऊन करावा, असे आम्ही पालकांना सांगतो.

घरातली शाळा : काय करावे?

पालकहो, आपण चौथी शिकलेले असाल किंवा अजिबात शिकलेले नसाल, तरी पुढील गोष्टी आपल्याला जमतील.

पहिली-दुसरीच्या मुलाला नाणी-नोटा ओळखू द्या. दहा रुपये किती प्रकारांनी होतात, ते मांडायला सांगा. पाच-पाचची दोन नाणी, दोन-दोनची पाच, असे.

तिसरी-चौथीच्या मुलाला दुकानात पाठवताना आधी विचारा, “किती होतील? किती परत येतील?” परत आल्यावर मोजायला लावा. चुकला तर मारू नका आणि हसू नका. दोन रुपये गेले तर जाऊ द्या, ती त्याची फी समजा.

पाचवी ते सातवीच्या मुलांना विजेचे बिल वाचायला द्या. मागचे रीडिंग, चालू रीडिंग, दोन्हींची वजाबाकी म्हणजे युनिट. गेल्या महिन्यापेक्षा जास्त का आले, हे त्यांनाच शोधू द्या. बाजारातला प्रत्येक तोंडी हिशेब घरी येऊन वहीत मांडायला सांगा. दीड किलो कांदे तोंडी झाले, आता दीड म्हणजे १½, म्हणजे ३/२, गुणिले ३०. येथेच गाडी आणि वही यांची गाठ पडते.

आठवीपुढच्या मुलामुलींकडे घरखर्चाची वही सोपवा. आपला पगार मुलांपासून लपवू नका. घरात किती येते हे कळलेले मूल उगाच हट्ट करत नाही, असा आमचा अनुभव आहे. आणि ही वही मुलाइतकीच मुलीच्याही हातात द्या.

शाळांत बालआनंद मेळावा भरतो, स्काऊट-गाईडमध्ये ‘खरी कमाई’ असते. तेथे खरा हिशेब शिकवावा. आमच्या मुलांनी लिंबू सरबत विकले. पाच रुपयांचा एक असे ४५ पेले गेले, २२५ रुपये जमले. मुले ओरडली, “सव्वादोनशे फायदा!” आम्ही त्यांना बसवले. लिंबे ५०, साखर ४५, कागदी पेले ४०, बर्फ-मीठ २५. खर्च १६०. फायदा ६५. एक मुलगी म्हणाली, “पण काका, साखर तर आईने घरातली दिली.” आम्ही विचारले, “आईने ती कशाने आणली?” सगळी मुले एकदम गप्प झाली. आई-वडिलांच्या कष्टाची किंमत त्या दिवशी त्यांना आकड्यांत कळली.

मूल दहा वर्षांचे झाले की त्याला बँकेत स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून स्वतः चालवता येते. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली आणि पुन्हा एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात ही मुभा दिली आहे. रकमेची मर्यादा प्रत्येक बँक ठरवते, ती शाखेत विचारावी. पोस्टातही दहा वर्षांपुढच्या मुलाचे खाते उघडते. मुलाला सोबत न्या, स्लिप त्यालाच भरू द्या. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

आपला वारसा

पैशाविषयी बोलणे म्हणजे हलकेपणा, असे मानणाऱ्यांनी सिगालोवाद सुत्त आठवावे. भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. आपल्या घरात चार भाग करायला उरते काय, असे कोणी विचारील. पण चौथा भाग दहा रुपयांचा का होईना, वेगळा काढायची सवय लागते, ती महत्त्वाची. आणि बाबासाहेबांनी तर १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच ग्रंथ लिहिला आणि चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. ज्या समाजाच्या नेत्याने सरकारला रुपयाचा हिशेब समजावला, त्या समाजाच्या मुलाने पगाराच्या चिठ्ठीपुढे गप्प बसू नये.

शेवटी गाडीवरच्या त्या मुलाविषयी. आम्ही त्याला नवे काहीच शिकवले नाही. रोजच्या पाच गिऱ्हाइकांचा हिशेब रात्री वहीत उतरवून आणायला सांगितला, आधी त्याच्या शब्दांत, मग शाळेच्या चिन्हांत. पहिले पंधरा दिवस तो कंटाळला. मग एके दिवशी फळ्यावरच्या ५/२ × ४० कडे बघून म्हणाला, “हे तर अडीच किलो टोमॅटो आहेत!” दुसऱ्या घटक चाचणीत वीसपैकी नऊ मिळाले. नऊ म्हणजे काही फार नव्हेत, हे आम्हीही जाणतो. पण त्याच्या वडिलांनी पेपर दोनदा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, दहावीपर्यंत तर बघू.”

गोदामाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढलेली नाही. आपल्या घरातही असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. आज रात्री जेवण झाल्यावर तिला जवळ बसवा आणि विचारा, दीड किलोचे किती झाले?